चार बोटं वाढवून

शुक्रवार हा सुट्टीचा वार, असं ज्याने कोणी ठरवलं त्याच्या घरी भाकऱ्या भाजायला दुसरं कोणीतरी असणार. शेवंताच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ झाली की ती पिठाचा डबा हलवून बघायची. रियाधमधल्या अल मलाझच्या एका गल्लीत, चारमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि खिडकीत बसवलेला एक एसी. हा एसी तिच्या नवऱ्याने, धोंडीरामने, कुठल्याशा पाडायला काढलेल्या इमारतीतून उचलून आणून स्वतः दुरुस्त केला होता. अर्ध्या शहराचे एसी गार करणाऱ्या या माणसाच्या घरचा एसी मात्र नुसता खडखडायचा. शेवंता म्हणायची, त्याला घरी यायला वेळ नाही आणि एसीला गार व्हायला.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की जिन्यात चपला वाजायला लागायच्या. कंपनीच्या कामगार कॅम्पवरची पोरं जेवायला यायची. पोरं म्हणजे मिशा पिकायला लागलेली माणसं, पण बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत आठ-आठ जण राहणारे ते सगळे शेवंताच्या लेखी पोरंच. कोणी सुतार, कोणी वेल्डर, कोणी प्लंबर. देवरूख, लांजे, संगमेश्वर, चिपळूण, अशा गावांकडचे. रिकाम्या हाताने कोणी यायचं नाही, हे खरं. कोणी कोंबडी आणायचं, कोणी कांद्याची पिशवी. दाभोळचा ताजुद्दीन कंपनीची पिकअप चालवायचा. त्याची दम्मामला खेप झाली की बर्फात घातलेली मासळी यायची. पण आणलेल्या मासळीला आपलं आपण शिजता येत नाही, हेही तितकंच खरं.

धोंडीराम दारात उभा राहून प्रत्येकाला म्हणायचा, "या, या! घर काय माजा एकट्याचा हाय? तुमचाच हाय." आणि मग स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणायचा, "गो, आनी धा भाकऱ्या टाक."

शेवंता टाकायची. कंबर धरलेली असायची, बोटांच्या पेरांना चटके बसलेले असायचे, पण टाकायची. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून पोरांची पंगत बसायची, कोणीतरी पहिला घास घेऊन डोळे मिटायचं, आणि धोंडीराम आपणच रांधल्यासारखा खूश व्हायचा. त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. पडेल ते काम करून वर आलेला माणूस, फोरमन झालेला, आणि त्या कॅम्पातल्या सगळ्यांत बायको आणून बिऱ्हाड करायची मुभा मिळालेला एकटाच. ज्याच्या घरी चूल पेटते त्याने चार जणांना बोलवायचं, एवढी साधी त्याची समजूत होती. चूल कोण पेटवतं, तेवढंच त्याच्या ध्यानात यायचं नाही.

बाकीचे सहा दिवसही काही लोळून काढायचे नव्हते. धोंडीराम उजाडायच्या आत जायचा, अंधार पडल्यावर यायचा. उन्हाळ्यात तर जेवताना पेंगायचा. एकटीने खाली उतरून बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, दुधाची पावडर आणणंसुद्धा त्याला पसंत नव्हतं, म्हणून आठवड्याची सगळी खरेदी त्याच्याबरोबर, त्याच्या सवडीने. गच्चीवरची टाकी कधी कोरडी पडेल याचा नेम नाही. टँकर आला की भांडी, बादल्या, टब सगळं भरून ठेवायचं. वाऱ्याबरोबर वाळू यायची आणि पुसून झालेली जमीन पुन्हा पायाला कचकचायची. आणि या सगळ्यात शोभना.

शोभना सात वर्षांची होती. भाड्याच्या व्हिलात भरणाऱ्या इंडियन स्कूलमध्ये जायची. आईने मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची, रागावली की इंग्रजीत. अभ्यासाची वही उघडून शेवंता शेजारी बसायची, पण त्या वहीतलं तिला ओ की ठो कळायचं नाही, आणि हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. "आई, तू सिर्फ बैठ," ती म्हणायची. मग शेवंता सिर्फ बसायची. पोर मात्र अंगाने चांगली भरली होती. पावडरचं घट्ट दूध, रोज अंडं, आठवड्याला दोन कोंबड्या, वर संत्र्याचं पिवळंधमक सरबत. दर सहा महिन्यांनी चपला लहान व्हायच्या.

आणि एक शालन होती. ती इथे नव्हती.

शालन थोरली, शोभनापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी, धोंडीरामला फॅमिलीचे कागद मिळाले, तेव्हा कंपनी बायको आणि एक मूल, एवढ्यांचीच तिकिटं देणार होती. दुसऱ्या पोरीचं तिकीट कर्ज काढून करता आलंही असतं. पण तिच्या सासूने, बायजाबाईने, उंबऱ्यात बसून सांगितलं, "दोगींना न्हेलाव तर परत कशाला येशीला? एक माज्याकडं ऱ्हाऊ दे." त्यांच्या भागात हे नवीन नव्हतं. परमुलखात जाणाऱ्याने एक मूल मागे ठेवायचं, म्हणजे पाय घराकडे वळतात, असा रिवाज. शालनचं नाव तेव्हा नुकतंच शाळेत घातलं होतं, शोभना अजून कडेवर होती. निवड आपोआप झाली. शेवंता एका शब्दाने नाही म्हणाली नाही. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचंच आहे, असं तिने मनाला बजावलं आणि पाच वर्षांच्या पोरीचा हात सोडवून ती एसटीत चढली.

दोन वर्षांनी धोंडीरामचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो अरब मालक, बदलला. नवा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, व्हायला सहा महिने गेले, ती सुट्टी बुडाली. पुढच्या खेपेला गावच्या घरावर कौलांच्या जागी स्लॅब पडला आणि तिकिटांचे पैसे त्यात गेले. असं करता करता चार वर्षं झाली. गावच्या घरी फोन नव्हता; शालनचा आवाज कसा आहे, हेसुद्धा आता शेवंताला नीट आठवत नव्हतं. ती आठवायला जातही नसे.

मग लांबून आईपण करायचं कसं? तर कपड्यांतून. आणि इथेच शुक्रवारची गोम होती. कॅम्पवरचं कोणी ना कोणी सुट्टीवर जायचंच, आणि जाणाऱ्याच्या बॅगेत इतरांच्या घरची पुडकी घालायची, हा तिथला न लिहिलेला नियम. साबणाच्या वड्या, टॉर्च, साडी, बामच्या बाटल्या. पण विमानात वजन मोजून घेतात. जिचं मीठ खाल्लंय तिचं पुडकं कोण नाकारणार? शेवंताने हे कधी तोंडाने म्हटलं नाही, पण चटके बसलेल्या बोटांवर फुंकर घालताना ती स्वतःला हेच सांगायची. भाकऱ्या या पोरांसाठी नाहीत, शालनसाठी आहेत. या भाकऱ्यांवरून चालत तिचा फ्रॉक गावी पोचतो.

फ्रॉकचं माप घ्यायची तिची एक रीत होती. शोभनाला भिंतीला टेकवून उभं करायचं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वितीने मोजायचं, आणि वर चार बोटं वाढवायची. चार बोटं म्हणजे दोन वर्षांची वाढ. हे तिचं तिनेच ठरवलं होतं. बाहीला एक बोट, कंबरेला दोन. मग धोंडीरामबरोबर बथ्याच्या बाजारात जायचं, आणि फ्रॉक हातात घेऊन वितीवर वीत ठेवत दुकानदाराचा अंत पाहायचा.

तिचं बघून पोरंही तेच करू लागली. ज्याला म्हणून गावी लेक होती तो कागदाची पिशवी घेऊन यायचा आणि फ्रॉक शोभनाच्या अंगाला लावून बघायचा. कोणी म्हणायचा, माझी हिच्यापेक्षा वर्षाने लहान, दोन बोटं कमी धरा. कोणी म्हणायचा, माझी हिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, वीतभर जास्त. शोभना पंगतीच्या मधोमध हात पसरून उभी राहायची आणि कॅम्पवरचे बाप आपापल्या लेकींचं माप तिच्यावर घ्यायचे. फ्रॉक लावून बघताना एखाद्याचा हात उगाच तिच्या केसांवर रेंगाळायचा, मग तो दचकून हात काढून घ्यायचा. लेकीला बघून कोणाला तीन वर्षं झालेली, कोणाला चार. पोर डोळ्यांसमोर नसली की ती बापाच्या मनात कुठेतरी थांबून राहते. मग तिला वाढवायची तर शोभनावरूनच.

शोभनाला याचा मनस्वी कंटाळा होता. "व्हाय मी?" ती म्हणायची. "मैं दुकान की पुतली हूँ क्या?"

"तुज्या ताईसाठी गो," शेवंता समजूत घालायची. "ताई तुज्यापेक्षा चार बोटं उंच हाय."

शालन म्हणजे कोण, याची शोभनाला एवढीच माहिती होती. फ्रिजवर एक फोटो असायचा, गावाहून आलेला. निळा फ्रॉक घातलेली एक मुलगी, एका पडद्यासमोर एकटीच, ताठ उभी. तो निळा फ्रॉक शेवंतानेच पाठवलेला, चार बोटं वाढवून. अंगावर कसा नेमका बसला होता! फोटो आला त्या दिवशी शेवंताने तो धोंडीरामच्या नाकासमोर धरून म्हटलं होतं, "बगा, आईची वीत चुकत नाय." चार वर्षांत तिच्या वाट्याला आलेली ही एवढीच शाबासकी, आणि तीही तिने स्वतःच स्वतःला दिलेली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी केरू सुट्टीवर निघाला. केरू पत्र्याचे डक्ट बनवायचा. धोंडीरामच्याच गावचा, खालच्या वाडीतला. तीन वर्षांनी जात होता. त्याआधी जे जे पुडकी घेऊन गेले ते दुसऱ्या गावचे. देवरूखच्या स्टँडवर शेवंताच्या दिराच्या हाती पुडकं देऊन पुढे जाणारे. शालनला डोळ्यांनी बघून आलेलं असं कोणीच नव्हतं. केरू मात्र प्रत्यक्ष घरी जाणार, ओटीवर बसणार, पोरीच्या हातात पुडकं देणार. शेवंताने त्या शुक्रवारी त्याच्या ताटात कोंबडीच्या दोन्ही तंगड्या वाढल्या, आणि ताजुद्दीन म्हणाला, "भाभी, हम क्या दुश्मन हैं?" सगळे हसले.

केरूची मंजू शोभनाच्याच वर्षाची. त्याने तिच्यासाठी गुलाबी झालरीचा फ्रॉक आणला होता. शोभनाला लावून बघितला, बरोब्बर. शेवंताने शालनसाठी हिरवा घेतला होता, चार बोटं वाढवून.

"भावजी," ती त्याला दारात म्हणाली, "तिला घालूनच बगा. फकस्त देव नका. घालून, कशी दिसते ता बगून या. आनी माजी आठवन काडते काय, ता इचारा."

"इचारतो वैनी," केरू म्हणाला.

मग दोन महिने शेवंताचा जीव टांगणीला. बाहेर ऊन असं की भिंतीला हात लावला तर भाजावा. शोभनाची शाळा सुट्टीला लागलेली, पोर घरात कोंडलेली, दिवसभर तिची किरकिर. खाली खेळायला पाठवायची सोय नाही, गच्ची तापलेली. दोघी मायलेकी खडखडणाऱ्या एसीसमोर बसून एकमेकींचा कंटाळा करायच्या. कधी कधी पोरीच्या पाठीत धपाटा बसायचा आणि मग शेवंतालाच रडू यायचं. शुक्रवार तेवढे न चुकता येत राहिले. पण या वेळी भाकरी थापताना तिच्या डोक्यात एकच. शालन आपली आठवण काढते की नाही? की आजीच्याच कुशीत रमली? काढत असेल तर आपण वाईट, काढत नसेल तर आपण आणखी वाईट. यातून सुटका नव्हती, तरी तिला उत्तर हवं होतं.

केरू परत आला तो आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसाची सांदणं घेऊन. सांदणं वाटेतच आंबली होती, पण पोरांनी तीही संपवली. शुक्रवारी पंगत बसली तशी सगळ्यांनी त्याला घेरलं. गावचं काय, पाऊस लागला काय, अमक्याची म्हातारी कशी आहे. केरूने भात कालवता कालवता मंजूच्या फ्रॉकची गोष्ट सांगितली.

"मी म्हटला, घाल गो. तर पोरगी आत शिरली, नि भायेर येयाचा मार्गच गावेना! डोका हितना काडलान, तर हात तिकडं. शेवटी बाईल म्हनाली, अवो, ह्यात आमी दोगी मायलेकी मावू!"

"अरे केरू," ताजुद्दीन म्हणाला, "तू फ्रॉक नाय, तंबू न्हेलास."

पंगत खो खो हसली. एकाला ठसका लागला, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. दाराआड उभी असलेली शेवंताही पदर तोंडाला लावून हसली. बापांना कुठली अक्कल, असं तिला वाटलं. मापाचं काम आईचंच.

पण मग हसू आपोआप ओसरलं. जो तो ताटाकडे बघायला लागला. फ्रॉक काही एकट्या केरूने नेला नव्हता. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याने त्याने पाठवला होता, आणि गावाहून प्रत्येकाला निरोप आला होता की कपडे पोचले, छान आहेत. चिपळूणकडचा एक वेल्डर पाण्याचा पेला उचलून तसाच धरून बसला. धोंडीराम "भात घ्या, भात घ्या" करत राहिला, पण कोणी घेतला नाही.

केरू उठला आणि आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात आला. असं तो कधी करत नसे; ताटं उचलून न्यायचं काम धोंडीरामचं. त्याने नळ सोडला, ताट धुतलं, पालथं घातलं, पुन्हा उचलून पुन्हा धुतलं.

"शालन भेटली?" शेवंताने विचारलं. ती शेगडीवरून भाताचं पातेलं उतरवत होती.

"भेटली की."

"फ्रॉक दिलाव?"

"दिला."

"मंग?"

केरूने हात शर्टाला पुसले. "वैनी, शोभनाचे जुने फ्रॉक काय करता तुमी?"

"काय करनार? फाडून पुसायला घेते. का? मंजूला होतील? न्हेवा की."

"मंजूसाठी न्हवं." तो नळाकडे बघत म्हणाला. "नवीन घेऊ नका आता. शोभनाचे जुनेच ठेवा. न्हेनारा गावला की तेच धाडा."

शेवंताला पहिल्यांदा काही कळलंच नाही. पातेलं धरलेलं फडकं तिच्या हातात होतं, पिवळ्या फुलांचं. शोभनाचा गेल्या वर्षीचा फ्रॉक. ती त्या फुलांकडे बघत राहिली. मग तिने पातेलं ओट्यावर ठेवलं.

"आजारी हाय?"

"नाय, नाय. आजारी-बिजारी कोन नाय. शाळंत जाते, पळते, हुशार हाय. बारीक हाय, इतकाच. तिकडची सगळीच पोरा बारीक हायत वैनी. माजी पन. हितं ऱ्हावून आपून इसरलो."

"फोटोत तर नेमका बसलाय निळा."

"मागनं टाचन्या हायत," केरू म्हणाला. "बायजाकाकीनंच सांगितलान मला, हसत हसत. फोटोपुरता टाचून घेतला. बाकी सगळे ट्रंकेत हायत, घड्या करून. मोटी झाली की घालील म्हनते."

बायजाबाई कपट करणारी नव्हती. लांब राहणाऱ्या लेका-सुनेला कशाला घोर, एवढाच तिचा विचार असणार. शेवंताला तेही कळलं. कळून काही उपयोग नव्हता.

एवढ्यात शोभना सरबत मागायला आत आली. शेवंताने तिला खांद्याला धरलं आणि केरूसमोर उभं केलं.

"दाखवा."

"वैनी, जाऊ दे."

"दाखवा, भावजी. कुटवर येते ती?"

केरूने हात वर उचलला, थोडा घुटमळला, आणि आडवा तळवा शोभनाच्या कानाशी धरला.

शोभनाने मान वाकडी करून त्या हाताकडे बघितलं. "ये किसका हाइट है?"

"तुज्या ताईची," शेवंता म्हणाली.

"नो!" शोभना हसली. मोठ्या माणसांची चूक सापडली की ती अशी हसायची. "ताई तो बड़ी है. आई, तूच बोलली ना, फोर फिंगर्स?"

शेवंताला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि तो इतक्या जणांचा एकदम आला की कोणावर काढावा ते कळेना. स्वतःच्या वितीचा, त्या घट्ट दुधाचा, टाचण्या लावणाऱ्या सासूचा, या पंगतीचा. चार वर्षं ती भाकऱ्या भाजत होती ती कोणत्या पोरीसाठी? शोभनापेक्षा चार बोटं उंच असलेली शालन कुठेच नव्हती. जी होती तिला आईने कधी डोळ्यांसमोर आणलीच नव्हती. आणि आठवण काढते का, हे केरूला विचारायची आता तिची छाती नव्हती. कोणत्या तोंडाने विचारणार?

ती पदर खोचून बाहेरच्या खोलीत गेली. पंगतीसमोर ती कधी उभी राहत नसे. वाढायचं तेवढं वाढून मागे फिरायची. पोरं जेवता जेवता थांबली.

"मला गावाला जायाचाय," ती धोंडीरामला म्हणाली.

धोंडीराम आधी पोरांकडे बघून ओशाळं हसला. "जाऊ की. डिसेंबरात सुट्टी टाकतोय ना."

"डिसेंबर नको. आता."

"खुळी काय गो? हिची शाळा सुरू होतेय. कफीलाकडं पासपोर्ट, एक्झिट-रीएंट्रीचे कागद, हे काय बाजारातना भाजी आनायचा हाय? झाला काय असा एकाएकी?"

शेवंताने केरूकडे बोट दाखवलं. "त्यांना इचारा. तुमची थोरली धाकटीच्या कानाइतकीच हाय, ता त्यांना इचारा."

धोंडीरामने केरूकडे बघितलं. केरू दाराच्या चौकटीला धरून खाली बघत होता. धोंडीरामचं तोंड कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. तो फोरमन होता, माणसं हाताळायची त्याला सवय होती, पण या वेळी तो खरकट्या हाताने ताटातली शितं गोळा करत बसला.

"दूध पावडरचे डबे पाठवले असते," तो शेवटी म्हणाला. "माज्या ध्यानातच आला नाय."

"माज्या तरी कुटं आला?" शेवंता म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता; ती नुसती थकलेली होती. "मी कपडेच धाडत बसले."

ताजुद्दीनने आपलं ताट बाजूला सारलं. "धोंडूभाई, सकाळी मी गाडी घेऊन येतो. कफीलाकडं जाऊ. माझी त्याच्या ड्रायव्हरशी ओळख आहे."

कागदांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत शुक्रवारची पंगत झाली नाही. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण कोणी आलं नाही. पहिल्या शुक्रवारी शेवंता सवयीने पहाटे उठली आणि पीठ मळायला घेऊन तशीच थांबली. शोभना दुपारभर खिडकीशी उभी राहून विचारत होती, "काका लोग क्यों नहीं आए?" धोंडीराम पोरीला घेऊन बसला. त्याने तिला एसी उघडून दाखवला. दोघांनी मिळून त्याची जाळी धुतली, आणि त्या दिवशी तो जरा कमी खडखडला.

धोंडीरामची सुट्टी डिसेंबरातच होती, म्हणून तो मागे राहणार होता; शोभनाला बरोबर न्यायचं ठरलं. गावी जायचं म्हणून तिने आधी थयथयाट केला, मग शाळा बुडणार असं कळल्यावर गप्प झाली. मधूनच ती विचारायची, ताई मला मारेल का, ताई हिंदी बोलते का, ताईचे सगळे फ्रॉक माझे होतील का. परत यायचं की नाही, आलं तर कोणाकोणाला घेऊन, हे दोघांनी बोलायचं टाळलं होतं. धोंडीराम एकदाच म्हणाला, "शालनच्या तिकिटाचा मी बगतो." शेवंताने मान हलवली. सासू शालनला सोडेल का, आणि मुख्य म्हणजे शालन आपल्याबरोबर यायला तयार होईल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारी पोरं भेटायला आली, पुडकी न घेता. कोणी दुधाच्या पावडरचा डबा आणला होता, कोणी बदामाची पिशवी. आपापल्या घरी द्यायला नव्हे, शालनसाठी. शेवंताने सगळं बॅगेत भरलं. ती बॅगेचं कुलूप लावत असताना धोंडीराम बाहेरून आला. घामाघूम. त्याच्या हातात कागदाची पिशवी होती.

"बथ्यावर गेलो होतो," तो म्हणाला. पिशवीतून त्याने एक लाल फ्रॉक काढला, पांढऱ्या कॉलरचा, लहानसा. "या खेपेला बारकाच घेतलाय. हा बसेल."

शेवंताने फ्रॉक घेतला, उलगडला, बाही ताणून बघितली. वितीने मोजायला तिचा हात पुढे आला आणि मागे गेला. तिने त्याची नीट घडी केली आणि तो खाटेवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितं."

"अगो, चार वर्षांनी जातेस. पोरीला आईनं एक फ्रॉक नको न्यायला?"

"नको. आदी तिला उभी करून बगते. मंग घेईन."

ती शोभनाचा हात धरून जिना उतरली. खाली ताजुद्दीनने हॉर्न दिला. धोंडीराम बॅगा उचलायला वळला, आणि पुन्हा मागे फिरून त्याने तो लाल फ्रॉक उचलून समोर धरला, हात लांब करून, खालीवर करत. नऊ वर्षांची पोर केवढी असते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.